सैन्यभरतीच्या कामात शिरायचंय. वय 37, अनुभव सगळा कंपन्यांच्या एच.आर.चा. वाट आहे का?

लष्करवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

राहते लष्करात आणि लष्कराशी संबंध शून्य, हा विनोद आमच्या घरात तीन पिढ्या चालू आहे. बाहेरगावच्यांसाठी सांगते: ग्वाल्हेरच्या आमच्या भागाचं नावच लष्कर. 1810 च्या सुमारास दौलतराव शिंद्यांनी इथे छावणी टाकली, ती काही उठली नाही, तिचंच शहर झालं. तर त्या लष्करातून मी गुरुग्रामला गेले, बारा वर्षं एच.आर. केलं. पहिली सहा माणसं आणण्याचं काम, पुढची सहा आणलेली माणसं टिकवण्याचं. दोन वर्षांपूर्वी बाबांना अर्धांग झाला म्हणून परत आले. सध्या घरून थोडंफार कंत्राटी काम करते आणि त्यात जीव रमत नाही.

वरच्या खोलीत भिंडकडचा एक मुलगा भाड्याने राहतो. वय 19. पहाटे चारला जिन्यावर त्याच्या बुटांचा आवाज येतो, तो माझा गजर. यंदा त्याची ऑनलाइन परीक्षा निघाली, धावणं वेळेत झालं, आणि कागदांच्या टेबलावरून त्याला परत पाठवलं. संध्याकाळी घरी आला तेव्हा चेहरा पाहवत नव्हता. आईने पोहे केले, ते तसेच राहिले. रात्री मी त्याची फाइल मागितली. फाइल कसली, साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी! दहावीच्या मार्कशीटवर वडिलांच्या नावापुढे 'सिंह' आहे, आधारवर नाही. सरपंचाचा दाखला आहे, त्यावर फोटो नाही. मी बारा वर्षं हेच केलंय हो, रुजू होण्याच्या आठ दिवस आधी माणसाचे कागद तपासणं. डायनिंग टेबलावर सगळं पसरून बसले तेव्हा अर्ध्या तासात पाच चुका सापडल्या. याला कोणी आधी सांगितलंच नाही?

तेव्हापासून डोक्यात आहे की आपणच या कामात का शिरू नये? भरती कार्यालयात बाहेरचा माणूस घेतात का? आणि सैन्यात माणसं टिकवण्याचं असं वेगळं खातं असतं का? चेष्टा केलीत तरी चालेल, पण उत्तर द्या.

दालबाजार

चेष्टेची परवानगी दिलीच आहे म्हणून. ताई, तुम्ही बारा वर्षं माणसं टिकवलीत. इथे अग्निपथ योजनेत चार वर्षांनी चारातले तीन अग्निवीर घरी पाठवायचे हे आधीच लिहून ठेवलंय. तुमचं टार्गेट पहिल्याच दिवशी पूर्ण!

जागा धरून बसतो. सुभेदारसाहेब येतीलच.

सिग्नलवाले_सुभेदार

आलो. सिग्नल्समधून निवृत्त, क्लार्क ट्रेड. मधली काही वर्षं एका भरती कार्यालयात नेमणूक होती, कुठल्या ते विचारू नका.

ताई, सरळ उत्तर आधी देतो. भरती ही आपल्याकडे नोकरी नाही, पोस्टिंग आहे. ए.आर.ओ. म्हणजे सैन्य भरती कार्यालय. त्याचा प्रमुख कर्नल हुद्द्याचा, डायरेक्टर म्हणतात त्याला. खाली जे.सी.ओ. (सुभेदार वगैरे कनिष्ठ अधिकारी), हवालदार, क्लार्क, सगळे गणवेशातले. ठरावीक मुदतीसाठी येतात आणि परत आपापल्या युनिटला जातात. डॉक्टरही सैन्याचेच. ग्वाल्हेर आणि महूची कार्यालयं जबलपूरच्या झोनखाली येतात. नागरी कर्मचारी असतात, पण ती गट क ची पदं, कारकून आणि शिपाई. त्यांची वयोमर्यादा तुम्ही केव्हाच ओलांडली आहे. मधल्या हुद्द्यावर बाहेरून कोणाला घेण्याची सोय नाही. ज्याने स्वतः पाठीवर पिट्टू घेतलाय त्यानेच पुढचा निवडायचा, असा तो हिशेब आहे.

दुसरी गोष्ट, तुम्ही ज्याला भरती म्हणता ते माणसं शोधणं. आमच्याकडे शोधावं लागतच नाही. भिंड, मुरैना, दतिया, शिवपुरी इथून मुलं स्वतः येतात. आमचं काम गाळणं. रॅलीला मध्यरात्रीपासून फाटकाशी रांग. तुकडी सुटते, 1.6 किलोमीटर, म्हणजे चारशे मीटरच्या ट्रॅकचे चार फेरे. साडेपाच मिनिटांत आला त्याला पैकीच्या पैकी गुण. मग बीमवर पुलअप, नऊ फुटी खड्डा, तोल सांभाळत नागमोडी चालणं. मग उंची-छाती. आपल्या मध्य प्रदेशाला जी.डी.साठी, म्हणजे जनरल ड्युटीच्या साध्या शिपायासाठी, 168 सेंटिमीटर. मग कागद, मग मेडिकल. धावण्याची वेळ संपून दोरी पडते तेव्हा शेवटच्या दोन पावलांवर राहिलेला मुलगा ट्रॅकवरच बसतो. त्याला उठवून बाहेर नेण्याचं काम माझ्याकडे असायचं. ते काम मला कधी जमलं नाही.

2023 पासून क्रम उलटा झाला. आधी संगणकावर परीक्षा, जी.डी.ला 50 प्रश्न, एक तास, चुकीला उणे गुण, आणि मग मैदान. गर्दी कमी झाली हे खरं, पण ज्याने आयुष्यात माउस धरलेला नाही तो मुलगा तासातली पहिली दहा मिनिटं बाण शोधण्यात घालवतो.

तुमच्या भाडेकरूचं म्हणाल तर, नावाची गडबड ही सगळ्यात जुनी. शपथपत्र करून घ्या आणि शक्य असेल तर आधारच दुरुस्त करा. मार्कशीट बदलायला बोर्डाच्या खेपा घालण्यापेक्षा ते सोपं.

ट्रिनिटीकाठचा_पांडे (पांडे म्हणजे देशपांडे, गैरसमज नको)

टेक्सासमध्ये राहतो, मूळचा ग्वाल्हेरच्या माधवगंजचा. ताई जे शोधतायत ते खातं इथे अमेरिकेत खरोखर आहे, म्हणून लिहितो. बायकोचा मामेभाऊ इथल्या आर्मीत सार्जंट, तीन वर्षं रिक्रूटर होता.

इथे 1973 पासून सक्तीची भरती नाही, त्यामुळे माणसं खरंच शोधावी लागतात. भरतीचं ऑफिस कुठे? पिझ्झाचं दुकान आणि केशकर्तनालय यांच्या मधल्या गाळ्यात. चांगल्या सार्जंटला युनिटमधून उचलून केंटकीत फोर्ट नॉक्सला शिकवतात आणि तीन वर्षांसाठी गाळ्यात बसवतात. महिन्याला इतकी माणसं हवीत असा आकडा डोक्यावर असतो, त्याला 'मिशन' म्हणतात. शाळांमध्ये टेबल मांडायचं, आईवडिलांना चहाला भेटायचं, मुलाला एएसव्हॅब या प्रवेशाच्या परीक्षेला बसवायचं, मेडिकलला स्वतः गाडीतून न्यायचं. मामेभाऊ म्हणायचा, अफगाणिस्तानात झोप यायची, इथे येत नाही.

2022 साली साठ हजारांचं लक्ष्य होतं, सुमारे पंधरा हजार कमी पडले. तिथल्या संरक्षण खात्याच्याच पाहणीनुसार 17 ते 24 वयाच्या फक्त 23 टक्के मुलांना सवलत न देता घेता येतं. बाकीचे वजन, औषधं, अभ्यास, काही ना काही कारणाने बाहेर. मग त्यांनी त्याच वर्षी वजनात आणि परीक्षेत थोडक्यात हुकणाऱ्यांसाठी तयारीचा वर्गच उघडला. सुभेदारसाहेबांचं गाळणं इथे चालणारच नाही, चाळणीत घालायला धान्य नको?

टिकवण्याचं खातं वेगळं. 'करिअर कौन्सिलर' नावाचा सार्जंट असतो. करार संपायच्या बराच आधी तो शिपायाला बोलावतो: पुढे काय, कुठली पोस्टिंग हवी, बायको काय म्हणते, अमुक ट्रेडला पुन्हा सही केलीस तर इतका बोनस. नॅशनल गार्डमध्ये तर पदाच्या नावातच भरती आणि टिकवणं दोन्ही आहेत. ज्याने माणूस आणला त्यानेच तो सांभाळायचा. पण ताई, गंमत बघा, यातल्या कुठल्याही खुर्चीवर बसायला आधी गणवेश हवाच. बाहेरच्या एच.आर.वाल्याला इथेही थेट वाट नाही.

लष्करवाली

बापरे, एवढं? सगळ्यांना धन्यवाद.

पांडेभाऊ, ज्याने आणला त्यानेच सांभाळायचा, हे वाचून मी खुर्चीत सरळ झाले. आमच्याकडे माणूस आणणाऱ्याला बोनस मिळायचा रुजू झाल्यावर नव्वद दिवसांनी. एक्क्याण्णवाव्या दिवशी तो माणूस राजीनामा घेऊन माझ्यासमोर.

दालबाजारभाऊ, तुमच्या चेष्टेतलं गणित मला काल रात्री झोपू देईना. मी आयुष्यभर 'शंभरातले वीस गेले, का गेले' याचे तक्ते केले. इथे शंभरातले पंच्याहत्तर जाणार हे भरतीच्या जाहिरातीतच लिहिलंय आणि त्यांच्या 'का'ला उत्तर नाही, कारण योजनाच तशी. म्हणजे प्रश्न टिकवण्याचा नाहीच. गेलेल्याचं पुढे काय, हा आहे. आमच्या धंद्यात त्यालाही एक टेबल असतं, पण तिथे कोणी फार बसत नाही.

भाडेकरूला विचारलं, चार वर्षांनी काय करणार? म्हणाला, 'दीदी, पहले लग तो जाएँ.'

मुरारचा_मन्या

मी पण भरतीसाठी पळून राहिलो होतो तीन वर्षं. (हो, आमची मराठी अशीच आहे, पुणेकरांनी डोळे मिटावे.) 2020, 21, दोन वर्षं कोरोनात भरती जवळजवळ ठप्प. 2022 च्या 14 जूनला अग्निपथ आली, वय 21. मग ओरड झाली, गाड्यांवर दगड पडले, आपल्या बिर्लानगर स्टेशनची काय हालत केली होती पाहिलंच तुम्ही. मग त्या एका वर्षासाठी 23 केलं. मी तेव्हा 23 वर्षं 4 महिने. बस.

स्टेशनवर मी नव्हतो. जे होते त्यातले चार माझ्याबरोबर पळायचे. बापाची मिल बंद, पोराची भरती बंद, आणि फोडलं कोणतं, तर मिलच्याच दाराचं स्टेशन.

आता मी मुलांना पळवतो, अॅकॅडमीत फिजिकल घेतो. ताई, तुम्हाला या लायनीत पैसे दिसले असतील तर ते इथेच आहेत आणि घाणही इथेच आहे. मी पहिल्या ज्या ठिकाणी लागलो तिथे फी भरेपर्यंत मुलांच्या ओरिजिनल मार्कशीट कपाटात ठेवून घ्यायचे. एका मुलाची रॅली पहाटे, कपाटाची चावी मालकाकडे, मालक वैष्णोदेवीला. मी कुलूप तोडलं आणि नोकरी सोडली. सोडली म्हणजे काढलं.

बाहेर बोर्ड काय, तर 'शंभर टक्के सिलेक्शन'. शंभर टक्के तर देवाचं पण होत नाही.

सिग्नलवाले_सुभेदार

शाबास मन्या. कुलपाचं माहीत नव्हतं.

यावरून दलालाची गोष्ट सांगतो, कारण ताई या कामात शिरल्या तर पहिली भेट त्याचीच होणार. तो दहा मुलांच्या बापांकडून प्रत्येकी दोन-तीन लाख घेतो, 'आत आपला माणूस आहे' म्हणून. आत कोणी नसतं. तो काहीच करत नाही, घरी झोपतो. दहातले दोन-तीन आपल्या पायांवर आणि आपल्या अकलेवर लागतात. त्यांचे पैसे हा ठेवतो. बाकीच्यांचे परत करतो, हात जोडून, 'यंदा नाही जमलं'. म्हणजे पैसे परत करणारा इमानदार माणूस म्हणून गावात नाव आणि पुढच्या वर्षी वीस मुलं. ज्याचा मुलगा लागला तो बापही त्याचेच गुण गातो. पोलिसांत जाणार कोण?

मी रॅलीत माइकवरून ओरडून सांगायचो की पैसे देऊ नका. समोर बसलेले निम्मे बाप खाली बघायचे.

गोठकरीण

उशिरा आले. ग्वाल्हेरातच चिटणिसांच्या गोठीत (गोठ म्हणजे मोहल्ला) राहते, कॉलेजात इतिहास शिकवते आणि एन.सी.सी.ची ए.एन.ओ., म्हणजे कॅडेट सांभाळणारी शिक्षिका-अधिकारी, आहे.

लष्करवाली, तुझ्यासारख्या बिनगणवेशाच्या बाईला गणवेश मिळायची एक वाट ही, पण तिला आधी शिक्षकी हवी. कॉलेज किंवा शाळा तुझं नाव पाठवते, निवड होते, मग प्रशिक्षण. पुरुष कामठीला जातात, बायका आपल्या ग्वाल्हेरच्या ओ.टी.ए.ला, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीला. मी पस्तिशीत गेले. माहेर आणि सासर दोन्ही रिक्षाच्या अंतरावर आणि मी आत पहाटे साडेपाचला ड्रिल करतेय! सासूबाई फाटकाशी डबा घेऊन आल्या होत्या, परत पाठवलं. पहिल्या आठवड्यात डावा-उजवा चुकला की अख्खी रांग हसायची, हसणाऱ्या सगळ्या कुठल्या ना कुठल्या कॉलेजातल्या मॅडम. बाहेर पडताना खांद्यावर लेफ्टनंटचे तारे. पण हे मानधनाचं जोडकाम, खऱ्या सैन्यात यातून वाट जात नाही.

भरतीशी माझा संबंध येतो तो एन.सी.सी.च्या 'सी' प्रमाणपत्राने. पदवीला 50 टक्के आणि 'सी'ला निदान बी ग्रेड असेल तर मुलगा यू.पी.एस.सी.ची लेखी न देता थेट एस.एस.बी.ला, म्हणजे सैन्याचे अधिकारी निवडणाऱ्या बोर्डापुढे, आपल्याकडून बहुतेक भोपाळला. पाच दिवस. त्यात मानसशास्त्राच्या चाचणीत साठ शब्द, प्रत्येकाला पंधरा सेकंद, मनात येईल ते वाक्य लिहायचं. माझी एक गुणी कॅडेट कोचिंगमधून साठच्या साठ गोड वाक्यं घोकून गेली. परत आली. मुलाखत घेणाऱ्याने तिला विचारलं होतं, घरी शेवटचं भांडण कशावरून झालं? तिच्याकडे त्याचं पाठ केलेलं उत्तर नव्हतं.

एस.एस.बी.त मानसतज्ज्ञ मात्र नागरीही असतात, डी.आर.डी.ओ.चे. पण त्याला मानसशास्त्रातली पदव्युत्तर पदवी लागते, एच.आर.चं एम.बी.ए. उपयोगाचं नाही.

दालबाजार

टेरिटोरियल आर्मी राहिली ना! 42 पर्यंत घेतात, नोकरीधंदा सांभाळून. ताई 37 म्हणजे अजून पाच वर्षं हातात. मी 43 चा, मी सुटलो.

गोठकरीण

आहे, बायकांनाही अर्ज करता येतो. आधी लेखी, मग एस.एस.बी.च. पण ती भरतीच्या टेबलासाठी नाही दालबाजार, ती बंदुकीसाठी आहे. वर्षातले दोन महिने प्रशिक्षण. हिचे बाबा अंथरुणावर.

लष्करवाली

हो, ते नाहीच जमायचं. शिवाय मी शंभर मीटर पळाले तरी बाबांच्या शेजारी आणखी एक कॉट टाकावी लागेल.

पण मला एक समजून घ्यायचंय सुभेदारकाका. अग्निवीरांच्या आधी तरी सैन्यात टिकवण्याचं कोणी बघायचं का? जुने जवान पंधरा-सतरा वर्षं राहायचे ते कशावर?

सिग्नलवाले_सुभेदार

पेन्शनवर. लपवायचं काय त्यात? पंधरा वर्षं पुरी झाली की पेन्शन लागू. त्यामुळे बाराव्या वर्षी कितीही राग आला तरी माणूस कॅलेंडर बघायचा आणि बॅग परत खाली ठेवायचा. मुदत संपताना एक्स्टेन्शनसाठी स्क्रीनिंग बोर्ड बसतं, मेडिकल कॅटेगरी ठीक, शिस्तीचा शेरा नाही, मग दोन वर्षं वाढतात. कोणी चहाला बोलावून 'बायको काय म्हणते' विचारत नाही. तसं विचारायचा तो पलटणीचा सुभेदार मेजर, पण तो त्याच्या खात्यामुळे नाही, वयामुळे.

माझ्याबाबतीत मात्र विचारलं होतं. 2009 साल, मुलगी आजारी, मी नोकरी सोडण्याचा कागद पुढे केला होता. सुभेदार मेजर साहेबांनी कागद घडी करून स्वतःच्या खिशात ठेवला आणि वीस दिवस रजेवर पाठवलं. परत आलो तेव्हा त्यांनी विचारलं, कागद देऊ? मी नको म्हटलं.

अग्निवीराच्या पुढे पेन्शन नाही. पहिल्या वर्षी 30 हजार, त्यातले 9 हजार सेवानिधीत कापून हातात 21. चौथ्या वर्षी 40 हजार. जेवढे कापले तेवढेच सरकार घालतं, चार वर्षांनी व्याजासह सुमारे पावणेबारा लाख. मधे स्वतःच्या मर्जीने सोडता येत नाही. 2022 च्या भरतीची पहिली सैन्याची तुकडी जानेवारी 2023 मध्ये प्रशिक्षणाला बसली, म्हणजे त्यांची चार वर्षं 2026 च्या अखेरीला भरतात. घोडामैदान जवळच आहे.

मुरारचा_मन्या

पावणेबारा लाख भिंडमधे आले की पहिली बोलेरो, मग बहिणीचं लग्न. मी लिहून देतो.

ट्रिनिटीकाठचा_पांडे

मन्या, अगदी हेच इथेही. बोनस मिळाला की तिसऱ्या दिवशी चकचकीत गाडी, जबर व्याजाने. छावणीच्या फाटकासमोर गाड्यांची दुकानं उगीच नसतात.

लष्करवाली

मला वाटतं मी चुकीच्या दारावर टकटक करत होते.

आत जायची वाट नाही, हे कळलं. अॅकॅडमीत जायची इच्छा नाही, मन्याचं कुलूप वाचल्यावर तर नाहीच. पण आत जाण्याच्या आधीचं एक टेबल रिकामं आहे, आणि बाहेर आल्यानंतरचं दुसरं. दुसऱ्यावर माझे हात खरोखर चालतात. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी बाहेर पडलेला मुलगा कंपनीच्या फॉर्मवर काय लिहिणार? 'ड्युटी की.' मी एका निवृत्त हवालदाराचा बायोडाटा पाहिला होता, दोन ओळी. तासभर विचारल्यावर कळलं, माणूस सियाचीनच्या रस्त्यावर चाळीस ट्रकांचं वेळापत्रक सांभाळायचा. कोठारांच्या कंपन्या अशा माणसासाठी वणवण फिरतात. मला ते विचारता येतं, लिहिता येतं, आणि कुठे फोन करायचा तेही माहीत आहे. दहावीवर भरती झालेल्यांना एन.आय.ओ.एस. या मुक्त विद्यालयाकडून बारावीचं प्रमाणपत्र, इग्नू या मुक्त विद्यापीठाच्या पदवीत सेवेतल्या प्रशिक्षणाचे निम्मे क्रेडिट, असं सरकारने जाहीर केलंय. किती मुलांनी नाव घातलंय, हे त्यांच्या गावात जाऊन विचारायला हवं.

गुरुग्रामच्या जुन्या बॉसला काल फोन केला. तो म्हणाला, धंदा म्हणून मांड, समाजसेवा म्हणून मांडलीस तर सहा महिन्यांत दमशील. फी मुलाकडून नाही, कंपनीकडून. पहिल्या टेबलाचे, म्हणजे कागदांचे, पैसे मात्र मी घेणार नाही. काका, त्यासाठी तुमच्याकडे बसायला जागा आहे?

दालबाजार

पहिली चेष्टा मागे घेतो. आमच्या गोदामाला हिशेबाचा आणि वेळेवर येणारा माणूस हवाच असतो. पहिला बायोडाटा इकडे.

सिग्नलवाले_सुभेदार

जागा आहे, अंगणात. टेबल लंगडं आहे, खाली वीट लावू. पण आधी मैदानावर या, मुलं ओळखीची झाल्याशिवाय पिशवी उघडत नाहीत. रविवारी पहाटे साडेचार, मन्या त्याची मुलं घेऊन येणारच आहे. भाडेकरूलाही आणा, त्याच्या कानात एकदा डॉक्टरांना बघायला सांगा. मळ दिसला की मेडिकलला तेवढ्यासाठी थांबवतात, दर वेळी दोन-चार असे असतातच.

लष्करवाली

येते. थर्मासमध्ये चहा आणू का सगळ्यांना?

मुरारचा_मन्या

आणा, पण पळून झाल्यावर. आधी प्यायले तर तिसऱ्या फेरीला बाहेर येतो.